खूणगाठ : ‘काही नाही, नंतर सांगते’

गेल्या अंकात मी माझ्याबद्दल थोडं लिहिलं होतं. आठव्या वर्षी मेंदूज्वर झाला, त्यातून उठले तेव्हा दोन्ही कान गेले होते. सतराव्या वर्षापर्यंत मला कुणी एकही खूण शिकवली नाही. आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर पाहते, तर आयुष्यातली बहुतेक महत्त्वाची बोलणी माझ्यापर्यंत दुभाष्यांच्या हातांतून आली आहेत. त्या लेखावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना इथे जागा नाही. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. एका मुलीचं पत्र मी चार वेळा वाचलं. तिचं उत्तर लांबलंय, पण ते कापू नका असं मी संपादकांना सांगितलंय.

ताई, माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. त्याला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, असं तपासणीत निघालं. कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राचं, बोलणं चालू आहे. एका जाणत्या माणसानं आम्हाला बजावलंय, ‘खुणा अजिबात करू नका, हातांची सवय लागली की तोंडानं बोलायचा कंटाळा करेल.’ मी धसका घेतलाय. त्याच्याशी बोलताना हात पाठीमागे धरून बसते. बरोबर करते ना? — एक आई

हात सोडा. सगळं वाचून झाल्यावर नाही, आत्ताच.

तुम्हाला मिळालेला सल्ला फार जुना आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुलांना फक्त तोंडी पद्धतीनं शिकवावं, खुणा नकोत, असा ठराव तिथे झाला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर कितीतरी देशांच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या आणि कर्णबधिर शिक्षकांना घरी बसावं लागलं. याच परिषदेनं २०१० साली व्हँकुव्हरमध्ये ते ठराव झिडकारले आणि झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. मधल्या १३० वर्षांत जी मुलं शाळेत गेली, त्यांतली मी एक. आम्हाला हातांवर बसायला लावत. हात मांड्यांखाली आणि नजर बाईंच्या ओठांवर. तास संपला की बोटांना मुंग्या आलेल्या असायच्या. त्या मुंग्या अजून आठवतात. धडे मात्र आठवत नाहीत, कारण ते मला कळलेच नव्हते.

तुमच्या बाळाच्या मेंदूला भाषा हवी आहे, आणि ती कानाच्या वाटेनं आली की डोळ्याच्या, याची त्याला फिकीर नाही. कर्णबधिर आईबापांची कर्णबधिर बाळं, इतर बाळं ज्या वयात ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड करतात, त्याच सुमाराला हातांनी बडबडतात. खुणांचे तुकडे पुन्हापुन्हा, तालात, विनाअर्थ करत राहतात. १९९१ साली कॅनडातल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. खुणांनी बोलणाऱ्या माणसाच्या मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, तर त्याच्या खुणा विस्कटतात, जसं इतरांचं बोलणं विस्कटतं. म्हणजे ही भाषा मेंदूत भाषेच्याच खोलीत राहते.

इम्प्लांट करायचं की नाही, ते तुम्ही आणि डॉक्टर ठरवा. माझा त्याला विरोध नाही. फक्त एवढं लक्षात घ्या, की शस्त्रक्रिया झाली म्हणजे त्या दिवशी मुलगा ऐकायला लागला, असं होत नाही. यंत्र सुरू करायचं, त्याचे आवाज जुळवून घ्यायचे, मग महिनोन् महिने सराव. काही मुलांना चांगला उपयोग होतो, काहींना थोडा. आणि आंघोळीला, झोपताना यंत्राचा बाहेरचा भाग काढला की मूल पुन्हा शांततेत. त्या सगळ्या काळात त्यानं भाषेवाचून राहायचं का? पहिली तीन-चार वर्षं परत येत नाहीत. खुणांतून आलेली भाषा बोलीचं अंथरूण ओढून घेत नाही, उलट पुढे बोली शिकताना तिच्याच आधारावर ते मूल उभं राहतं.

सुरुवात अशी करा. आधी त्याची नजर मिळवा, मग बोला. खेळणं दाखवायचं असेल तर आपल्या चेहऱ्याजवळ धरा, म्हणजे खेळणं, हात आणि चेहरा त्याला एकत्र दिसतील. तो खेळण्याकडे बघत असेल तर थांबा. ऐकू येणारं मूल एकीकडे बघता बघता दुसरीकडे ऐकू शकतं, आमचे डोळे दोन्ही कामं एका वेळी करू शकत नाहीत. दूध, अजून, झालं, आई, कुठे, एवढ्या खुणा पहिल्या आठवड्यात पुरतात. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं ऐकू येणाऱ्या घरातच जन्मतात, तेव्हा शून्यापासून शिकणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. आणि एखाद्या मोठ्या कर्णबधिर माणसाला घरी बोलवा. तुमच्या मुलापेक्षा तुम्हालाच त्याची जास्त गरज आहे. हा मोठा होऊन कसा असेल, याचं जे चित्र तुम्ही रात्री डोळ्यांसमोर आणता, ते एका भेटीत बदलेल.

तुम्हाला ओठ वाचता येतात असं वाचलं. मग दुभाषी कशाला लागतो? — एक जिज्ञासू

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न करता ‘बाबा’, ‘मामा’ आणि ‘पापा’ म्हणा. मग ‘काय’ आणि ‘गाय’. प, ब, भ, म ओठांवर एकसारखे दिसतात. क, ग, ह तर घशाजवळ तयार होतात, ओठांवर त्यांची खूणच उमटत नाही. उरलेलं आम्ही संदर्भानं भरतो, म्हणजे अंदाज बांधतो. बोलणाऱ्यानं मान वळवली, तोंडापुढे हात धरला, मिशी वाढवली, की अंदाजालाही जागा राहत नाही. ओळखीच्या माणसाशी, समोरासमोर, चांगल्या उजेडात मी अर्धा तास निभावते, नंतर डोकं ठणकतं. करारावर सही करताना किंवा डॉक्टरांसमोर बसताना मला अंदाज नको असतो.

पत्रात तुम्ही ‘मुके लोक’ असा शब्द वापरलाय. आम्हाला आवाज आहे, आणि भाषाही आहे. कर्णबधिर म्हणा.

आमच्या विभागात कर्णबधिर सहकारी रुजू झाली आहे. पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच बैठकीला दुभाषी येणार आहेत. त्यांना कुठे बसवावं? आम्ही बघायचं कुणाकडे? काही चुकायला नको म्हणून विचारतो. — एक विभागप्रमुख

आधीच विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं.

बघायचं तिच्याकडे. ‘तिला विचारा, तिला हे जमेल का?’ असं दुभाष्याला सांगू नका. तिच्याकडे बघून ‘तुम्हाला हे जमेल का?’ असं म्हणा. ती तुमच्याकडे न बघता दुभाष्याकडे बघत असेल. तो अनादर नाही, तिचं ऐकणं तिथे चाललेलं असतं. ती खुणा करेल तेव्हा दुभाषी ‘मी’ म्हणून बोलेल. ‘मला हे पटत नाही’ असं दुभाष्याच्या तोंडून आलं, तर न पटलेली ती आहे. हे सांगायला लागतं, कारण एका बैठकीत मी एका खर्चाला विरोध केला आणि अध्यक्ष माझ्या दुभाषी बाईंवरच चिडले, ‘तुम्हाला यात काय कळतं?’ बाईंनी तेही वाक्य जसंच्या तसं मला खुणांनी सांगितलं, कारण सांगणं हे त्यांचं काम होतं. मी उठून उभी राहिले, तेव्हा कुठे अध्यक्षांच्या लक्षात आलं की ते कुणाशी बोलताहेत.

दुभाष्याला वक्त्याच्या शेजारी, तुमच्या सहकारीच्या समोर जागा द्या. पाठीमागे खिडकी नको, उजेड मागून आला की हात काळे दिसतात. बैठकीचे विषय, माणसांची नावं, तुमच्या खात्यातली आद्याक्षरं आदल्या दिवशी पाठवा. तुमच्या रोजच्या बोलण्यातली चार अक्षरी संक्षेपं बाहेरच्या माणसाला कळत नाहीत, आणि जे कळलं नाही ते त्यानं हातांत कसं आणायचं? तासाहून लांब बैठक असेल तर दुभाषी दोन हवेत. ते साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. हा उधळेपणा नाही. ऐकणं, समजणं, दुसऱ्या भाषेच्या व्याकरणात बसवणं आणि तेवढ्यात पुढचं ऐकणं, हे सगळं एकाच वेळी चालतं. त्यात मेंदू थकतो, चुका सुरू होतात, आणि आपण चुकतोय हे खुद्द दुभाष्याच्याही ध्यानात येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कुणी पाळत नाही. दुभाषी वक्त्याच्या काही सेकंद मागे असतो. तुम्ही ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हणता, दोन सेकंद थांबता आणि पुढे जाता. तिला तो प्रश्न पोहोचेपर्यंत तुम्ही पुढच्या विषयावर गेलेले असता. मग वर्षभरानं शेरा येतो, ‘बैठकीत सहभाग कमी.’ माझ्या वार्षिक अहवालात तो सलग तीन वर्षं होता. तेव्हा प्रश्न विचारून मनातल्या मनात दहा मोजा. पडद्यावर तक्ता दाखवलात तर तो बघायला आधी वेळ द्या, मग बोलायला लागा. आणि ‘हे तिला सांगू नका हं’ असं चुकूनही म्हणू नका. तेही सांगितलं जाईल, आणि सांगितलंच पाहिजे.

ताई, मी १३ वर्षांची आहे. माझे आईबाबा दोघंही कर्णबधिर आहेत, मला ऐकू येतं. बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत सगळीकडे मीच सांगते. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी बाबांबद्दल जे सांगितलं ते मी पूर्ण सांगितलं नाही. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी थोडंच सांगितलं. आता मला रात्री झोप येत नाही. मी खोटं बोलले का? कुणाला सांगू तेच कळत नाही.

बाळा, तू खोटं बोलली नाहीस. मोठ्यांनी उचलायचं ओझं कुणीतरी तुझ्या हातात ठेवलं, आणि ते तुला पेललं नाही. ते तेरा वर्षांच्या कुणालाच पेलणार नव्हतं.

तुला एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला जड जातंय, पण ती तुझीच आहे. माझी मुलगी दहा वर्षांची होती. तिला ऐकू येतं. तिचे बाबाही माझ्यासारखेच कर्णबधिर. त्यांच्या पोटात दुखायचं म्हणून आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. दुभाषी बोलवायचा असतो हे मला माहीत होतं. पण दोन दिवस थांबावं लागलं असतं, आणि मुलगी होतीच की हुशार. डॉक्टर बराच वेळ बोलले. मी त्यांचे ओठ हलताना बघत होते. ते तीन-चार मिनिटं बोलले असतील. मग मुलगी आमच्याकडे वळली आणि तिनं दोनच वाक्यं केली, ‘औषध घ्यायचं. विश्रांती घ्यायची.’ ओठ चार मिनिटं हलले होते आणि हात चार सेकंद. मला ते दिसलं. मी विचारलं नाही. मला ऐकायचं नव्हतं म्हणून मी विचारलं नाही, हे आता कबूल करते.

तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा दुभाषी घेऊन गेलो. आमच्या ओळखीचे नव्हते, मध्यम वयाचे गृहस्थ होते. त्यांनी डॉक्टरांचा शब्द न् शब्द आमच्यासमोर ठेवला. गाठ आहे, तुकडा तपासायला पाठवावा लागेल, शस्त्रक्रिया लागेल, उशीर करू नका असं मागच्या वेळीच सांगितलं होतं. माझ्या नवऱ्यानं त्यांना मध्येच थांबवून एक प्रश्न विचारला, मग दुसरा, मग तिसरा. बायकोच्या किंवा मुलीच्या मार्फत नाही, सरळ डॉक्टरांना. आपल्या शरीराबद्दलचे प्रश्न तो पहिल्यांदाच स्वतः विचारत होता.

शस्त्रक्रिया झाली, तो बरा झाला. पण ते तीन आठवडे माझ्या मुलीनं एकटीनं काढले. ती आता २६ वर्षांची आहे. मागे एकदा तिनं सांगितलं, ‘आई, बायोप्सी म्हणजे काय तेच मला माहीत नव्हतं. त्याला आपल्या घरात खूण नव्हती. आणि मला वाटलं, मी सांगितलं नाही तर ते खरं होणार नाही.’ ती रात्री उठून बाबांचा श्वास चालतोय का ते बघायला यायची. माझ्या कानांना तिची पावलं कळायची नाहीत.

म्हणून आता मी सांगते ते आजच कर. बाबांना किंवा आईला एवढंच सांग, ‘डॉक्टरांनी अजून काही सांगितलं होतं. मला ते सांगता आलं नाही. आपण परत जाऊ, दुभाषी घेऊन.’ काय सांगितलं होतं ते तू सांगायची गरज नाही. हातांनी सांगवत नसेल तर हे पान त्यांच्यापुढे ठेव. उशीर मात्र करू नकोस, कारण बाबांच्या औषधपाण्याचा त्याच्याशी संबंध असेल. आणि तुला झोप येत नाही हे शाळेतल्या ज्या बाईंवर तुझा विश्वास आहे, त्यांना सांग.

आता हे तुझ्या आईबाबांसाठी. तुमचं तिच्यावर किती प्रेम आहे ते मला माहीत आहे. दुकानात काय हवं ते तिनं विचारलं, दारावरच्या माणसाशी ती बोलली, तर काही बिघडत नाही. घरातली मुलं हातभार लावतातच. पण दवाखाना, बँक, कोर्ट, पोलीस आणि तिचीच पालकसभा, एवढ्या पाच ठिकाणी तिला नेऊ नका. स्वतःच्या प्रगतिपुस्तकाचा दुभाषी कुणी असू नये. दुभाषी मिळायला वेळ लागतो, माहीत आहे. लांबच्या गावाहून पडद्यावर दिसणारा दुभाषीही चालतो, फोन समोर उभा करून ठेवायचा. वाट बघावी लागली तर बघा. मी बघितली नाही.

आणि हे वाचणाऱ्या डॉक्टरांसाठी. समोर कर्णबधिर रुग्ण आणि शेजारी शाळकरी मूल असेल तर थांबा. दुभाषी तुम्ही मागवा. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो करार केला, त्याच्या नवव्या कलमात व्यावसायिक सांकेतिक भाषा दुभाष्यांची सोय करण्याचं बंधन सरळ शब्दांत लिहिलंय. तो पायंडा नसेल तर तुमच्या दवाखान्यापासून पाडा. निदान तेवढ्या वेळेपुरतं त्या मुलाला बाहेर पाठवा आणि रुग्णाला वाचता येत असेल तर कागदावर लिहून द्या. मूल सोबत आहे म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका.

बाळा, एक राहिलं. तुला दोन भाषा येतात, आणि त्यांतली एक हातांत आहे. ती ओझं वाटायला लागली असेल तर काही दिवस कुणाचंही काही सांगू नकोस. आईबाबांशी फक्त तुझं स्वतःचं बोल.

मी व्हिडिओ बघून ३०० खुणा शिकलो आहे. दुभाषी व्हायचंय. अजून किती लागतील? आणि ही भाषा जगभर एकच असते ना? — एक विद्यार्थी

नाही, एकच नसते. जगात ३०० हून अधिक सांकेतिक भाषा आहेत. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण तिथले कर्णबधिर एकमेकांच्या खुणा सहजी समजू शकत नाहीत. अमेरिकेतल्या खुणांचं नातं फ्रान्सशी आहे, कारण तिथल्या पहिल्या कायमस्वरूपी शाळेत १८१७ साली लॉराँ क्लेर नावाचे कर्णबधिर फ्रेंच शिक्षक शिकवायला आले. निकाराग्वात तर १९८० च्या दशकात मुलांनी शाळेच्या आवारात आणि बसमध्ये आपापसांत नवी भाषाच घडवली. शिक्षक त्यांना ओठ वाचायला शिकवत होते, आणि मुलं मधल्या सुट्टीत व्याकरण तयार करत होती. मला ही हकीकत फार प्रिय आहे, कारण हातांवर बसवलेली आम्ही मुलंही अंधारल्या जिन्याखाली तेच करत होतो. आमचं तेवढं मोठं झालं नाही, एवढंच.

आणि ३०० खुणा म्हणजे ३०० शब्द. कुणी शब्दकोश पाठ केला म्हणून त्याला भाषा आली असं आपण म्हणत नाही. १९६० साली विल्यम स्टोकी या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी दाखवून दिलं, की खूण म्हणजे नुसतं हवेतलं चित्र नसतं. हाताचा आकार, तो शरीराजवळ कुठे आहे आणि कसा हलतो, अशा सुट्या भागांची ती बनते, जसा शब्द ध्वनींचा बनतो. व्याकरणाचा मोठा भाग तर चेहऱ्यावर असतो. अनेक सांकेतिक भाषांत हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारताना भुवया वर जातात, आणि ‘कोण’, ‘का’ विचारताना आक्रसतात. हात तेच, भुवया वेगळ्या, की वाक्य बदललं. एकदा समोरच्या हवेत डावीकडे सासूला ठेवलं आणि उजवीकडे सुनेला, की पुढचं सगळं भांडण त्या दोन जागांवरून चालतं, नावं पुन्हा घ्यावी लागत नाहीत.

डिसेंबर २०१३ मध्ये नेल्सन मंडेलांच्या शोकसभेत जगभरातल्या नेत्यांच्या शेजारी एक दुभाषी उभा होता. ऐकू येणाऱ्या कोट्यवधी लोकांना त्यात काही वावगं दिसलं नाही. जगभरच्या कर्णबधिरांना मात्र लगेच कळलं, की हा माणूस काहीच बोलत नाहीये. मी तो कार्यक्रम पाहत होते. त्याचा चेहरा दगडासारखा होता आणि हात तेच तेच गिरवत होते. एवढ्या मोठ्या माणसाला निरोप द्यायच्या दिवशी आम्हाला दाराबाहेर ठेवलं, असं मला वाटलं. म्हणून सांगते, घाई करू नका. कर्णबधिर शिक्षक शोधा. त्यांच्यात मिसळा, त्यांची भांडणं, त्यांचे विनोद, त्यांच्या म्हाताऱ्यांच्या जुन्या खुणा बघा. याला काही वर्षं लागतात. मग रीतसर प्रशिक्षण घ्या.

आणि पोटात ठेवायला शिका. माझ्या तरुणपणी एका दुभाषी बाईंनी माझ्या पगाराचं बोलणं बाहेर सांगितलं. त्यांच्या खुणा सुंदर होत्या. मी त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही.

माझा भाऊ चाळिशीचा आहे, जन्मापासून कर्णबधिर. घरातले सगळे जमलो की तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, जेवण झालं की उठून जातो. सगळे म्हणतात माणूसघाणा झालाय. आमच्यापैकी कुणाला खुणा येत नाहीत, पण प्रेम आहे हो त्याच्यावर. — एक बहीण

मागच्या वेळी सगळे हसलात तेव्हा त्यानं ‘काय झालं?’ विचारलं असेल. आणि कुणीतरी, बहुधा तुम्हीच, हातानं ‘काही नाही, नंतर सांगते’ असं केलं असेल. नंतर कुणी सांगितलं नसेल. सांगितलं असेल तर एका वाक्यात, ‘अरे काही नाही, मामांचं नेहमीचं.’ वीस मिनिटांचं हसणं आणि त्याच्या वाट्याला चार शब्द. असं चाळीस वर्षं झालं की माणूस विचारणं सोडतो आणि मोबाइल काढतो. मोबाइलवर निदान सगळी वाक्यं पूर्ण असतात.

माझ्या आईनं मला हे शब्द इतक्यांदा म्हटले, की तिच्या ओठांवर मला इतर काही वाचता आलं नाही तरी ‘नंतर सांगते’ नक्की वाचता यायचं. ती गेली तेव्हा तिनं शेवटी काय म्हटलं ते मी भावाला विचारलं. तो रडत होता. म्हणाला, नंतर सांगतो.

अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड नावाचं एक बेट आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथे आनुवंशिक कारणानं कर्णबधिर माणसं बरीच होती, आणि काही गावांत ऐकू येणारे लोकही खुणा जाणत. शेजारी, कोळी, शेतकरी, सगळे. कर्णबधिर कुणी समोर नसतानाही ते आपापसांत खुणा करायचे, एका होडीतून दुसऱ्या होडीकडे. तुम्हाला बेट उभारायचं नाही. तुमच्या घरात तुम्ही सहा-आठ जणच आहात.

पुढच्या वेळी हसू आलं की आधी त्याच्याकडे वळा आणि तिथल्या तिथे सांगा. वेडंवाकडं, बोटांनी, फोनवर टाइप करून, कसंही. विनोद शिळा व्हायच्या आत. जेवताना त्याला अशा जागी बसवा, की सगळ्यांचे चेहरे दिसतील, आणि एका वेळी एकानंच बोला. कोण बोलतंय तिकडे बोट करा. मुलांना आधी शिकू द्या, ती आठवड्यात उचलतात आणि मग तुम्हालाच शिकवतात. लग्न, वाटणी, आजारपण, असं काही मोठं बोलायचं असेल तेव्हा दुभाषी बोलवा. घरातल्या बैठकीला दुभाषी बोलवण्यात परकेपणा नाही. भावाचं मत पहिल्यांदा पूर्ण कळेल, आणि कदाचित ते तुम्हाला आवडणार नाही, याची तयारी ठेवा.

खुणा शिकायला मात्र वर्गाची वाट बघू नका. शिक्षक घरातच बसलाय. नावांपासून सुरू करा. आम्ही कुणाचं नाव अक्षर अक्षर करून घेत नाही, प्रत्येकाला एक खूण देतो. गालावरचा तीळ, चष्मा, हसायची लकब, लहानपणी पडून झालेली जखम. त्याच्याजवळ बसा, छातीवर बोट ठेवा आणि त्याला विचारा, माझं नाव काय? इतक्या वर्षांत त्यानं तुमच्यासाठी मनात एखादी खूण ठेवली नसेल, असं मला वाटत नाही.